पहाटे आई येते

तारापूर,
९ सप्टेंबर १९६८

चि. जमनास,

नर्मदाताईचे खूप खूप आशीर्वाद. क्वार्टर मिळाली. दोन खोल्या, मागे ओटा, घरात नळ. हे वेल्डिंगच्या कामावर आहेत, अणुभट्टीच्या इमारतीत. घरी येतात ते कानात तिथला आवाज घेऊनच, मी काही विचारलं की आधी "आँ?" म्हणतात. शेजारी साखरबाई आहेत, सोलापूरकडच्या. गल्लीत प्रत्येक घर वेगळ्या गावचं. कुणी कुणाचं नाही, त्यामुळे भांडणही नाही.

सिन्नरला ओढ्याला पूर आला की आपण दोघी भिजत बघायला पळायचो, आठवतं? इथं समुद्र रोज आत येतो, रोज बाहेर जातो, आणि कुणी मान वर करून बघत नाही.

आता एक सांगते. हसू नकोस. आई येते.

पहाटे येते, हे पहिल्या पाळीला गेले की. मी ओट्यावर बसलेली असते. आधी बोटांना मुंग्या, मग अंगाला दरदरून घाम, आणि मग सगळं हलकं होतं. भिंती पातळ होतात, मागे दिवा धरलेल्या कागदासारख्या. खाडीकाठच्या खाजणातलं पाणी आवाज न करता गल्लीत शिरतं आणि प्रत्येकाच्या उंबऱ्यापाशी थांबतं. त्या पाण्यावरून ती येते, पदर खोचलेला, पाय ओले. माझ्याजवळ बसते आणि केसांत बोटं घालते. हाताला जिऱ्याचा वास असतो. जमे, ते सुख कसं सांगू? मला वेळ कळत नाही. मग साखरबाई हाका मारत येतात, चहाची कपबशी तोंडाला लावतात, आणि हळूहळू भिंती परत भिंती होतात.

यांना सांगितलं नाही. तुला सांगितलं, कारण तुझी आत्या असली तरी तुला वाढवलं तिनंच, ती तुझीही आईच होती.

तुझी,
ताई


परळ, मुंबई,
१७ सप्टेंबर १९६८

ती. नर्मदाताईस,

जमनाचा नमस्कार. मी हसले नाही. पत्र वाचलं, घडी घातली, आणि बराच वेळ खिडकीतून समोरच्या गिरणीचा धूर बघत बसले.

मी इथं प्रयोगशाळेत काय करते ते तू मागे विचारलं होतंस. इन्शुलिन माहीत असेल तुला, मधुमेहाच्या माणसाला टोचतात ते. ते एक पेप्टाइड आहे, म्हणजे लहानसं प्रथिन. आपल्या सगळ्यांच्या अंगात ते तयार होतं आणि रक्तातली साखर जिथल्या तिथं पोचवतं. पण रक्तात असतं इतकं थोडं की कुठल्याही तराजूत येणार नाही. म्हणून आम्ही वेगळं थोडं इन्शुलिन घेतो आणि त्याला किरणोत्सारी आयोडीनची खूण लावतो. ती खूण यंत्राला दिसते.

पुढचं असं समज. पंगतीत पाट मोजकेच आहेत. गुलाल लावलेले पाहुणे आपण पाठवले, ते किती ते आपल्याला ठाऊक. दुसऱ्या दारानं बिनगुलालाचे पाहुणे आले. पाटांसाठी रेटारेटी झाली. शेवटी गुलालवाले जितके जास्त उभे राहिले, तितके बिनगुलालाचे जास्त आले होते. पाहुणे म्हणजे इन्शुलिन. पाट आहेत गिनिपिगच्या रक्तातले, इन्शुलिनला धरून ठेवणारे. बसलेले आणि उभे वेगळे करून मोजणं हे माझं काम. आधी मात्र स्वतःच्या बाटलीत गुलालवाले नक्की किती आहेत ते नीट मोजावं लागतं. तिथं चुकलं की सगळी पंगत चुकली. दिवसभर यंत्र टिकटिकत असतं आणि मला ते आवडतं.

ताई, शास्त्र शिकलेल्या मुलीनं विचारू नये, तरी विचारते. नाशिकच्या स्थळाला मी नाही म्हटलं, ते आत्या गेल्यानंतर. तिला पटलं असतं का? परत आली तर विचारशील?

तुझी,
जमना


तारापूर,
६ ऑक्टोबर १९६८

चि. जमना,

दसरा झाला. यंदा मी नऊ दिवस उपास धरले. घट साखरबाईंकडे बसवला होता. सातव्या माळेला सकाळची आरती चालू असताना पाणी आलं. या वेळी गल्लीत थांबलं नाही, घरात शिरलं, समईच्या वर गेलं, आणि समई पाण्याखालीही जळत राहिली. मी खूप आनंदात होते. काय बोलले ते मला माहीत नाही. साखरबाई म्हणतात, मी घुमत होते, आवाज माझा नव्हता, आणि डोळे उघडे असून कुणाकडे बघत नव्हते.

"आता गं बया! देवी आली हिच्या अंगात," त्या ओरडल्या आणि माझ्या पायांवर पडल्या. समोरच्या घरातल्या रत्नाबाईंनी विचारलं, "धनी कायम होतील का कामावर?" मी म्हणे "होतील" म्हणाले. मग कुणीतरी प्रसादाचा शिरा माझ्या तोंडात घातला आणि थोड्या वेळानं मी शुद्धीवर आले. जमे, रत्नाबाईंचे धनी चारच दिवसांत कायम झाले.

आता सकाळी बायका येतात. नारळ, खण, हळदकुंकू. ज्या गल्लीत मला कुणी नावानं ओळखत नव्हतं, तिथं माझी ओटी भरतात. लग्नाला इतकी वर्षं झाली, मूल नाही, सासरी मला कुणी कुठल्या डोहाळजेवणाला बोलावलं नाही. इथं बारशाला पहिली मी लागते. हे मात्र पाळीवरून आले की नारळ कोपऱ्यात सरकवून ठेवतात. रात्री एकदा म्हणाले, "तू बरी आहेस ना?" मी म्हणाले, इतकी बरी कधीच नव्हते.

तुझं विचारलं मी आईला. ती हसली. म्हणाली, "पोरीनं बरं केलं. मन नसताना उंबरा ओलांडू नये."

तुझी,
ताई


तारापूर,
२४ नोव्हेंबर १९६८

चि. जमना,

दिवाळीला तू आली नाहीस, तुझं पत्रच आलं. इतकं थोडं का लिहिलंस? आईचा निरोप वाचून रडू आलं एवढंच लिहून पत्र संपवलंस.

इथं थंडी पडायला लागली. परवा उजाडताना मी पाम गावच्या रस्त्याला कशी गेले मला आठवत नाही. घरात होते, आणि मग शिंदीच्या झाडांत होते. प्रत्येक झाडाच्या डोक्यात चंद्र होता. सगळ्या चंद्रांतून थेंब थेंब गळत होतं आणि आई खाली ओंजळ धरून उभी होती. मला म्हणाली, चल. मी चालले होते. तेवढ्यात गोड चव आली. जिभेवर, मग घशात. आई पुसट झाली, चंद्र विझले, आणि समोर लाडकी बसलेली.

लाडकी आमच्याकडे लाकडाची मोळी घेऊन येते, डोंगराकडच्या पाड्यावरची आहे. तिचा भाऊ बुधा झाडावरून मडकी उतरवत होता. तिनं माझं डोकं मांडीवर घेतलेलं.

"बाय, आमी समजलो तू गेली," ती म्हणाली. "पी, आनखी पी. ताजी हाय, चढत नाय."

नुसती नीरा होती, साखरेसारखी. मी तिच्यावर रागावले गं. उगाच रागावले. ती बिचारी मला हाताला धरून घरी सोडून गेली.

अलीकडे आई रोज येते. मी सकाळी काही खातच नाही, खाल्लं की येत नाही ती.

तुझी,
ताई


परळ,
२९ नोव्हेंबर १९६८

ती. ताई,

हे पत्र उभ्यानं लिहिते आहे. तुझी जुनी सगळी पत्रं काढून परत वाचली. साखरबाईंचा चहा, शिरा, लाडकीची नीरा. दर वेळी गोड पोटात गेलं आणि तू जागी झालीस. दर वेळी तू उपाशी होतीस. हे मला सप्टेंबरातच दिसायला हवं होतं. माझं सगळं लक्ष आत्या काय म्हणते याकडे होतं.

मला वाटतं, तुझ्या अंगात इन्शुलिन फार तयार होतंय. रक्तातली साखर इतकी उतरते की मेंदूला पुरत नाही. क्वचित कुणाच्या स्वादुपिंडात बारीकशी गाठ होते आणि ती गरज नसताना इन्शुलिन सोडत राहते. इथल्या डॉक्टरीणबाईंना मी विचारलं. त्या म्हणाल्या, रक्त मोजल्याशिवाय बोलू नये.

सोबत त्यांची चिठ्ठी आहे. कॉलनीच्या दवाखान्यात सकाळी काही न खाता जा. डॉक्टर रक्त काढतील, त्यातला रक्तरस वेगळा करतील. बाटली थर्मासात बर्फात ठेवून भाऊजींनी स्वतः आणून द्यावी. रक्त दिल्याबरोबर साखर खा. आणि एरवीही सकाळी उठल्याउठल्या खा. एवढं माझं ऐक.

तुझी,
जमना


तारापूर,
९ डिसेंबर १९६८

चि. जमना,

हे बाटली तुझ्या हातात देऊन परत आले. बोईसरच्या फलाटावर पापलेटांच्या पाट्या चढत होत्या, त्या कोळणींकडून यांनी बर्फ घेतला. एकीनं विचारलं, "काय नेतोस रं एवढं जपून?" हे म्हणाले, "बायको." तीन वेळा मला ही गोष्ट सांगितली त्यांनी. यांना सगळं कळलंय आता, तुझं पत्र त्यांनी वाचलं. रोज सकाळी पाळीला जाण्याआधी गुळाचा खडा माझ्या हातावर ठेवतात आणि मी खाईपर्यंत उभे राहतात.

मी तो गालात धरते. ते गेले की काढून ठेवते.

जमे, खरं सांग. तुझ्या त्या यंत्रानं आई मोजता येईल? समजा तू म्हणतेस ती गाठ निघाली, ती काढून टाकली, तर ती कुठं जाईल? तिला आपल्याखेरीज कोण आहे?

तुझी,
ताई


परळ,
१९ डिसेंबर १९६८

ती. ताई,

मोजलं. उभे राहिलेले गुलालवाले थोडेच निघाले. म्हणजे तुझ्या रक्तात इन्शुलिन जास्त नाही. मी चुकीची ठरले.

डॉक्टरीणबाई म्हणतात, मग अशक्तपणा असेल, किंवा मनाचं काही. मला वाईट वाटायला हवं होतं. पण मी जिना उतरले ती जवळजवळ धावतच. वाटेत शेवंतीची वेणी घेतली, मी कधी माळत नाही तरी. आता तिला म्हणावं, कधी परळलाही ये.

तुझी,
जमना


परळ,
२७ डिसेंबर १९६८

ती. ताई,

माझं मागचं पत्र फाडून टाक.

गेले काही दिवस मला चैन नव्हतं. मी इतकी खूश का झाले, याचाच मला संशय यायला लागला. नाताळच्या सुट्टीत सगळे गेल्यावर मी ती खूण लावलेल्या इन्शुलिनची बाटली परत काढली आणि तिच्यात धड इन्शुलिन किती आहे ते मोजलं. बाटली जुनी होती, पुष्कळसं खराब झालेलं होतं. खराब झालेलं इन्शुलिन रक्तरसाला नुसतंच चिकटून राहतं. पंगतीच्या भाषेत सांगायचं तर, काही गुलालवाले जेवायला आलेच नव्हते. भलत्याच ठिकाणी बसून राहिले आणि मी त्यांना पाटावरचे समजले. म्हणून उभे थोडे दिसले.

ताजी खूण लावली. बाटलीची ताकद आधी मोजली, पुन्हा मोजली. मग तुझा उरलेला रक्तरस घातला. ताई, उपाशीपोटी असायला हवं त्याच्या कितीतरी पट इन्शुलिन आहे. दुसऱ्यांदा केलं, तेच आलं. डॉक्टरीणबाई यंत्राशेजारी उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "बहिणीला बोलावून घे."

भाऊजींना घेऊन लगेच ये. शस्त्रक्रिया करावी लागेल. इथले सर्जन चांगले आहेत.

तुझी,
जमना


तारापूर,
८ जानेवारी १९६९

चि. जमना,

मी येत नाही. यांना मी सांगितलंय, जमनाचं पत्र आलं, काही नाही म्हणते. तू त्यांना वेगळं लिहू नकोस, तुला माझी शपथ आहे.

रागावू नकोस. तू सांगतेस ते खरं असेल. पण तू म्हणतेस की ती साखरेच्या कमीजास्तीनं येते, आणि मी म्हणते की कशानं का होईना, येते ना? देवळाचं दार वाऱ्यानं उघडलं म्हणून आतला देव खोटा होतो का?

परवा फार सुंदर झालं. मी भरतीच्या वेळी खाजणात होते. पाणी कोमट होतं, दुधासारखं, आणि आई पलीकडच्या काठावर पाटावर बसून माझी वाट बघत होती. ताट वाढलेलं. कमरेपर्यंत पाणी आलं, मला जराही भीती वाटली नाही. पाय उचलले जात होते, चालावंही लागत नव्हतं. मग बुधानं मागून धरलं. तो खेकडे धरायला आला होता. फार ओरडला माझ्यावर, घाबरला होता म्हणून. आणखी थोडं गेले असते तर पोचले असते.

सध्या बायका फार येतात. त्यांना कसं सांगू की नाही?

तुझी,
ताई


परळ,
११ जानेवारी १९६९

ताई,

भाऊजींना लिहीत नाही. तू शपथ घातली आहेस. पण तू ये.

मी तुला शास्त्र सांगणार नाही. तुझं खरं आहे, ती कशानं येते हे मला मोजता आलं, ती कोण आहे हे नाही. मलाही ती हवी आहे. तुझ्या प्रत्येक पत्राची मी आधी शेवटची ओळ वाचायचे, तिनं माझं नाव काढलं का ते बघायला. खराब बाटलीवर मी विश्वास ठेवला, कारण मला ठेवायचा होता. ताई, माझ्या हातून झालेलं हे सगळ्यात वाईट मोजमाप.

पण पलीकडच्या काठावर ताट वाढून बसलेली ती आपली आत्या नव्हे. आत्या कशी होती ते आठव. विहिरीच्या काठाशी गेलो तर फोकानं मारायची आपल्याला. तुला पाण्यात शिरताना बघून ती पाटावर बसून राहिली असती का? आरडाओरडा करून सगळं सिन्नर गोळा केलं असतं तिनं. त्या सकाळी तिच्यासारखं कुणी वागलं असेल तर तो बुधा.

माझी आई मला आठवत नाही. आत्या गेली. आता मला तू आहेस, आणखी कुणी नाही. मी तुझ्याकडे पहिल्यांदाच काही मागते आहे.

जमना


तारापूर,
१४ जानेवारी १९६९

चि. जमना, तीळगूळ घे. यांना सगळं सांगितलं. रागावले नाहीत, भिंतीला टेकून बसून राहिले. रजा टाकली आहे. गुरुवारी सकाळच्या गाडीनं येतो. तीळगूळ मी खरंच खाल्ला. — ताई


तारापूर,
२० एप्रिल १९६९

चि. जमना,

तू मला गाडीत बसवून गेलीस त्याला महिना होत आला, आणि मी आज पत्राला बसते. टाके बरे आहेत. वाकलं की ओढल्यासारखं होतं, एवढंच. चिंचोक्याएवढी गाठ, आणि तिच्यापायी केवढं! मी दवाखान्यात पडले होते तेव्हा इथली भट्टी पेटली. हे म्हणतात, इतके महिने त्या दिवसासाठी राबलो आणि त्या दिवशी मी परळच्या व्हरांड्यात संत्री सोलत होतो.

सकाळी आता नुसती सकाळ होते. कावळे, नळाचं पाणी, रत्नाबाईंचा रेडिओ. भूक लागते, खाते. पहिले काही दिवस मी ओट्यावर जाऊन बसायचे. कुणी आलं नाही.

बायका येऊन गेल्या. मी स्पष्टच सांगितलं की मला आजार होता, तो काढला. दोघीतिघींना राग आला, नारळ परत मागितला नाही एवढंच. साखरबाई म्हणाल्या, "देवी काय, तिला हजार घरं. तू आता नीट जेव." आणि रोजच्यासारखा चहा ठेवून गेल्या. बारशाला आता पहिली मी लागत नाही. पण बोलावतात.

काल आम्ही पालघरच्या बाजाराला गेलो होतो. मिरच्या, कांदे, दोन चादरी. ऊन मरणाचं. एका म्हातारीकडे पितळेची झारी होती, तोटी जरा वाकडी. मी ती उचलली, उन्हाकडे धरून बघितली, आणि "आई, हे बघ" म्हणायला वळले.

माझ्या मागे माणसांची गर्दी होती. कुणी कुणाच्या ओळखीचं नव्हतं.

जमे, तेव्हा मला कळलं. ती गेली तेव्हा घरभर पाहुणे, मी स्वयंपाकात होते. मग तू मुंबईला गेलीस, आम्ही इकडे आलो, आणि लगेच ती यायला लागली. मला वेळच मिळाला नव्हता. मी एस्टी स्टँडच्या पायरीवर बसले आणि रडायला लागले. मोठ्यानं, गावाकडं रडतात तसं. लोक थांबून बघत होते. यांच्या दोन्ही हातांत पिशव्या. हे घाबरून खाली वाकले, "काय झालं? टाके दुखतात का?"

"आई गेली हो," मी म्हणाले.

यांचा चेहरा उतरला. "कधी?" त्यांनी विचारलं. आणि मग त्यांना उमगलं. पिशव्या खाली ठेवून ते पायरीवर माझ्याजवळ बसले. तारापूरची गाडी आली, भरली, गेली. आम्ही बसूनच होतो.

रजा मिळाली की ये. दोन वर्षं झाली, आपण दोघी अजून एकत्र बसून रडलेलो नाही.

तुझी,
ताई